संगणकीय माहितीची सुरक्षा : उच्च शिक्षणाची एक नवी वाट

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)





पदवी झाल्यावर पुढे काय शिकावे, यावर आपल्या मुलांशी बोला, अशी मला संस्थेने सूचना केली. वाटा पुष्कळ आहेत. परंतु दहा वाटांची नावे सांगण्यापेक्षा एकच वाट शेवटपर्यंत चालून दाखवावी, असे मला वाटले. ती वाट म्हणजे संगणकांच्या जाळ्याची आणि त्यातून वाहणाऱ्या माहितीची सुरक्षा. इंग्रजी नावाने तुम्ही तिला नेटवर्क अँड इन्फर्मेशन सिक्युरिटी म्हणून ओळखता.

आरंभी एक प्रसंग सांगतो. माझ्या परिचयातील एक मुलगी या शहरात खोली करून शिकते. वसतिगृहात प्रवेश न मिळाल्याने तिला स्वाधार योजनेचा आधार होता. हप्ता खात्यात जमा झाला आणि दोनच दिवसांनी तिला फोन आला. "मी समाजकल्याण कार्यालयातून बोलतोय. तुमच्या अर्जात त्रुटी आहे, मोबाईलवर आलेला आकडा सांगा, नाहीतर पुढचा हप्ता थांबेल." बोलणाऱ्याला तिचे नाव, महाविद्यालय, वर्ग, सारे ठाऊक होते. तिने आकडा सांगितला. पाच मिनिटांत खाते रिकामे झाले. याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. लाजेपोटी तिने दहा दिवस कोणाला काही सांगितले नाही. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तिने त्याच तासाभरात फोन केला असता, तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता होती. दहा दिवसांनी ती राहिली नव्हती.

तिची माहिती त्या माणसाकडे कशी गेली, हे शेवटपर्यंत कळले नाही. पण मी तुम्हालाच विचारतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आपण ज्या संगणक केंद्रावर जातो, तेथील संगणकावर आपला जातीचा दाखला, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका या सर्वांच्या प्रती मागे राहतात की नाही? पासवर्ड कोण ठरवतो? दुकानदार ठरवतो आणि वहीत लिहून ठेवतो. आपल्या माणसाचा जन्म, जात, उत्पन्न आणि बँक खाते एकाच फोल्डरमध्ये, कुलूप न लावलेले पडलेले असते. म्हणून सांगतो, हा विषय अमेरिकेतल्या कंपन्यांपुरता नाही. तो आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या आजे-पणजांकडे गावगाड्यात कोणती कामे होती? ते वेशीवर येसकर म्हणून उभे राहत. गावची शीव राखत आणि शिवेच्या तंट्यात साक्षीला उभे राहत. गावचा सारा सरकारी खजिन्यात जायचा तेव्हा सोबतीला जात. सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवत. म्हणजे वेस, शीव, खजिना आणि निरोप यांची राखण आपल्याकडे होती. कोणी म्हणेल, मग हा तर मोठा विश्वासच होता. बंधू-भगिनींनो, तसा गैरसमज करून घेऊ नका. त्या राखणीचा मोबदला म्हणजे बलुते आणि तुटपुंजे वतन. तेही चोवीस तास बांधून घेणारे. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि पुढे मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

मला त्यातील एकच गोष्ट तुमच्यासमोर ठेवायची आहे. जो माणूस टपाल घेऊन दहा कोस चालत होता, त्याला ते वाचता येत नव्हते. त्याला अक्षर येऊ द्यायचे नाही, हीच त्या व्यवस्थेची रीत होती. पत्रातील मजकूर वाटेत फुटत नसे, कारण नेणारा निरक्षर ठेवलेला होता. गुप्तता राखली जात होती ती अज्ञानाच्या आधाराने.

आज काय होते? तुम्ही मोबाईलवरून पैसे पाठवता तेव्हा तो निरोप अनेक यंत्रांतून, अनेकांच्या हातून जातो. त्यांतील कोणालाही तो वाचता येऊ नये, ही गरज तीच आहे. पण ती आता गणित पुरवते. मजकूर असा कुलूपबंद केला जातो की किल्ली असणाऱ्यालाच तो उघडतो. या विद्येचे नाव कूटशास्त्र, म्हणजे क्रिप्टोग्राफी.

या शास्त्राचा एक मूलभूत सिद्धांत १८८३ साली कर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने मांडला. त्याचा आशय असा, की कुलुपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त असावी ती फक्त किल्ली. ज्या पद्धतीची सुरक्षितता ती पद्धत दडवण्यावर अवलंबून आहे, ती पद्धत कच्ची. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ विचार करीत बसलो. आपल्याकडे हजारो वर्षे विद्या दडवून ठेवणे यालाच संरक्षण समजले गेले. हे शास्त्र नेमके उलटे सांगते : विद्या खुली करा, सर्वांना तपासू द्या, ती तरच टिकेल. आज जगभर वापरली जाणारी एईएस ही कूटपद्धती अशीच निवडली गेली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ साली जगाला खुले आवाहन केले, अनेक देशांच्या गणितज्ञांनी एकमेकांच्या पद्धती फोडून पाहिल्या, आणि अखेर दोन बेल्जियन तरुण संशोधकांची पद्धत २००१ साली मानक ठरली. कोण कुठला, कोणाचा मुलगा, हे त्यात महत्त्वाचे नव्हते. तुमची पद्धत फुटते की टिकते, एवढाच प्रश्न होता.

या शास्त्राचे तीन मुख्य हेतू आहेत. ते मी आपल्याच उदाहरणाने सांगतो. पहिला हेतू गोपनीयता. तुमचा दाखला ज्याला पाहण्याचा अधिकार आहे त्यानेच पाहावा. दुसरा हेतू अखंडता. अर्जातील तुमचा खाते क्रमांक कोणी वाटेत बदलू नये. तिसरा हेतू उपलब्धता. अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडू नये, आणि साठवलेली माहिती नष्ट झाली तर दुसरी प्रत असावी. या तिसऱ्या गोष्टीची किंमत बाबासाहेबांनी स्वतः मोजली आहे. १९१७ साली शिक्षण अर्धवट सोडून ते लंडनहून परतले. त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते आणि ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. कष्टाने जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले. त्या काळी दुसरी प्रत ठेवणे सोपे नव्हते. आज ते सोपे आहे, तरी आपण प्रबंध एकाच पेनड्राइव्हवर ठेवून फिरतो.

हे तीन हेतू फसले की काय होते, ते महाराष्ट्राने २०१८ साली पाहिले. पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारचा दिवस. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेच्या संगणकाला विचारते, की या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? चोरांनी या विचारणेच्या वाटेवरच आपली बनावट यंत्रणा बसवली. विचारणा बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत पोचलीच नाही. मधूनच "द्या" असे उत्तर गेले. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. १३ तारखेला आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी रक्कम वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरीला कोणी हात लावला नव्हता. फोडला गेला होता तो निरोप.

या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ही माणसे मुख्यतः बनावट कार्डे वापरून येथल्या एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतली होती. परदेशात बसून डाव रचणारे त्या कठड्यात नव्हते. तरुण मित्रांनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कोणी म्हणेल, तुझे खाते आणि एटीएम कार्ड आठ दिवस दे, पाच हजार देतो. नाही म्हणा. पकडला जातो तो खातेदार.

या दरोड्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठीही संगणक सुरक्षेचे नियम २०१८ आणि २०१९ साली घालून दिले. २०२२ च्या आदेशानुसार कोणत्याही संस्थेवर मोठा सायबर हल्ला झाला तर सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवावे लागते. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. म्हणजे जाणकार माणूस ठेवणे ही आता बँकेची, रुग्णालयाची, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्याची हौस राहिलेली नाही, ती कायद्याने आलेली गरज आहे. कारखान्यातील यंत्रेही आता जाळ्याला जोडलेली आहेत. एक संगणक ओलीस धरला की सबंध पाळी थांबते.

आता शिक्षणाकडे येतो. या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे चित्रपटात दाखवतात तसे अंधाऱ्या खोलीत बसून कळफलक बडवणे नव्हे. एम.टेक. दोन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी संख्याशास्त्रातील संभाव्यता, अंकसिद्धांत, संगणकजाळ्यांची रचना, ऑपरेटिंग सिस्टिम, कूटशास्त्र, घातक प्रोग्रामचे पृथक्करण, डिजिटल पुराव्यांचा तपास, सायबर कायदा असे विषय येतात. दुसरे वर्ष मुख्यत्वे प्रबंधाचे. ज्याचा गणिताचा पाया कच्चा आहे त्याला पहिल्या सत्रातच दम लागतो. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून गणित आणि जाळ्यांचा विषय मनापासून करा. इंग्रजीची भीती बाळगू नका. या विषयातील इंग्रजी ठरावीक आहे, सहा महिन्यांत सवय होते.

कुठे शिकावे? अभियांत्रिकीच्या मुलांनी गेट परीक्षा द्यावी. तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरतात. मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना शुल्कात आणि पात्रता गुणांत सवलत आहे. पुण्याजवळ गिरीनगरला संरक्षण खात्याची प्रगत तंत्रज्ञान संस्था आहे, तेथे सायबर सुरक्षेचे एम.टेक. आहे. ज्यांना लवकर नोकरी हवी, त्यांच्यासाठी सी-डॅकची सुमारे सहा महिन्यांची पदव्युत्तर पदविका आहे. तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते. सी-डॅक म्हणजे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली, परम महासंगणक बनवणारी संस्था.

पण सर्वच अभियंते नसतात. बी.एस्सी., बी.सी.ए. झालेली मुले निराश होतात. त्याची गरज नाही. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाचा विभाग आहे, तेथून एम.एस्सी. करून या विषयाकडे वळता येते. विद्यापीठाच्या परिसरातच नायलिटचे केंद्र आहे. आणि पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, आपल्या शहरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. तेथे डिजिटल व सायबर न्यायसहायक विज्ञान आणि संबंधित कायदा हा पदव्युत्तर पदविकेचा विषय आहे. जप्त केलेल्या मोबाईलमधील पुरावा न बिघडवता न्यायालयापुढे कसा आणावा, हे तेथे शिकायचे असते. वकिली करणाऱ्या आपल्या तरुणांनीही तिकडे पाहावे. अत्याचाराच्या खटल्यांत आता मोबाईलवरचे संदेश आणि चित्रफिती पुरावा म्हणून येतात. पुरावा नीट जपला नाही, तर खरा खटलाही सुटून जातो. नोकरी करणाऱ्यांसाठी इग्नूची माहिती सुरक्षेची पदविका आहे, आणि आयआयटीच्या प्राध्यापकांची कूटशास्त्रावरील व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकता येतात.

खर्चाचा प्रश्न पालकांच्या डोळ्यांत मला दिसतो आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणालाही आहे. परदेशी जाण्याची कुवत असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. एक व्यवहाराची सूचना ऐका. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या परीक्षांना केंद्राच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र लागते, राज्याचे चालत नाही. ते आजच काढून ठेवा. केवळ चुकीच्या नमुन्यामुळे चांगली मुले राखीव जागेला मुकतात.

यासोबत एक इशाराही देतो. आपल्या शहरात भिंतीभिंतीवर जाहिराती दिसतात : तीन महिन्यांत एथिकल हॅकर व्हा, नोकरीची हमी. एका बापाने ट्रॅक्टरवर राबून साठवलेले ऐंशी हजार अशा एका वर्गाला भरलेले मी पाहिले आहेत. मुलाच्या हाती आले ते रंगीत प्रमाणपत्र आणि काही तयार प्रोग्राम चालवण्याची माहिती. मुलाखतीत त्याला विचारले, की हा प्रोग्राम आतून काय करतो? तो गप्प बसला. अल्पमुदतीचे शिक्षण वाईट असते असे माझे म्हणणे नाही. पाया झाल्यावर ते उपयोगी पडते. पायाच्या जागी ते घेऊ नका. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : मान्यता कोणाची, शिकवणारा स्वतः काय शिकला, आणि मागच्या तुकडीतील मुले आज कोठे आहेत. उत्तर टाळले गेले तर चहा पिऊन परत या.

दुसरा इशारा शीलाचा. जो कुलूप करायला शिकतो तो कुलूप उघडायलाही शिकतो. पंचशीलातील दुसरे शील आपण रोज ग्रहण करतो : न दिलेले घेणार नाही. या व्यवसायाचा सारा धर्म या एका शीलात आहे. मालकाची लेखी परवानगी असेल तर तुम्ही तपासनीस, नसेल तर गुन्हेगार. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महाविद्यालयाचे संकेतस्थळ गंमत म्हणून फोडणाऱ्याचे करिअर तेथेच संपते. सराव स्वतःच्या संगणकावर, स्वतः उभ्या केलेल्या जाळ्यावर करा.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, आणि शिकले काय? अर्थशास्त्र. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याच्या समाजाच्या हाती रुपया टिकत नव्हता, त्याने रुपयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. सोपी विद्या निवडली नाही, त्या काळाच्या सत्तेचे जे मर्म होते तेच निवडले. आज तो रुपया तारेतून, हवेतून वाहतो. त्याची वाट कोणाला कळते आणि कोणाला कळत नाही, यावर पुढची सत्ता ठरणार आहे. १९५० साली त्यांनी येथे महाविद्यालय काढले, आणि पुढे त्याला नाव दिले मिलिंद. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. नागसेनवनात शिकलेल्यांच्या या गावात फोनवरून कोणी "मी पोलीस अधिकारी बोलतोय" म्हणताच आपण घाबरून पैसे पाठवावेत, हे आपल्याला शोभत नाही. अधिकाराने सांगितले म्हणून मानू नका, पडताळून पाहा, ही कालामांना केलेली तथागतांची शिकवण आहे. माहिती सुरक्षेचे पहिले पाऊलही तेच आहे.

शेवटी संस्थेला एक विनंती. या सभागृहात दोन संगणक ठेवा. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत आपल्यातीलच दोन जाणकार मुले तेथे बसतील, अर्ज भरून देतील, पासवर्ड विद्यार्थ्याकडूनच ठरवून घेतील आणि काम झाल्यावर सर्व प्रती पुसून टाकतील. रविवारी तेथेच गेटचा अभ्यासवर्ग चालावा. शिकवायला मी येतो. ज्या मुलीचा हप्ता गेला तिला मी हे बोललो तेव्हा ती म्हणाली, "सर, फॉर्म भरायला मी बसते." ती आज या सभागृहात आहे. तिचे नाव मी सांगत नाही, ते सांगण्याचा अधिकार तिचा आहे.

आपले आजे राखण करीत होते, पण आपण काय राखतो आहोत हे त्यांना कळू दिले गेले नाही. तुम्ही राखण करा ती वाचून, समजून आणि तिचे मोल घेऊन.